'हाफ नेल्सन': एका गुपितापासून सुरू झालेली मैत्री

मुलींच्या बास्केटबॉलचा सामना संपला आहे आणि शाळा रिकामी झाली आहे. घरी न्यायला कोणी आले नाही म्हणून रेंगाळलेली तेरा वर्षांची ड्रे लॉकर रूमच्या शौचालयाचे दार उघडते, तेव्हा आत तिला तिचा इतिहासाचा शिक्षक दिसतो. तोच संघाचा प्रशिक्षकही आहे. तो घामाने डबडबला आहे आणि हातात क्रॅक, म्हणजे धुराच्या रूपात ओढले जाणारे कोकेन, ओढण्याची नळी आहे. ड्रे आरडाओरडा करत नाही, कोणाला बोलवायला धावत नाही. कागदी रुमाल ओला करून ती त्याच्या कपाळावर ठेवते आणि तो सावरेपर्यंत तिथेच थांबते. थोड्या वेळाने तिला गाडीतून घरी सोडणाराही तोच असतो.

२००६ साली प्रदर्शित झालेल्या 'हाफ नेल्सन' या अमेरिकी चित्रपटातील मैत्री इथून सुरू होते. रायन फ्लेक आणि अ‍ॅना बोडेन यांनी तो लिहिला व फ्लेक यांनी दिग्दर्शित केला. त्याआधी याच कल्पनेवर त्यांनी 'गोवानस, ब्रुकलिन' नावाचा लघुपट केला होता आणि २००४च्या सनडान्स महोत्सवात त्याला लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले होते. त्या लघुपटातील मुलगी, शरीका एप्स, पूर्ण लांबीच्या चित्रपटातही ड्रे झाली. शिक्षक डॅन डनच्या भूमिकेसाठी मात्र रायन गॉस्लिंग आला.

डॅन वर्गात उभा राहतो तेव्हा तो वाया गेलेला माणूस आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि चित्रपटाची खरी अडचण, किंवा खरे बळ म्हणा, इथेच आहे. ब्रुकलिनमधील त्या शाळेतील बहुतेक मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, आहेत, शिक्षक गोरा आहे, आणि मुख्याध्यापिकेने नेमून दिलेला अभ्यासक्रम बाजूला सारून तो मुलांना इतिहास म्हणजे परस्परविरोधी शक्तींचा झगडा कसा असतो हे शिकवतो. एका विद्यार्थ्याशी पंजा लढवून तो हे तत्त्व समजावतो: दोन्ही बाजूंनी जोर लागतो, म्हणूनच काहीतरी हलते. मधूनमधून कथा थांबते आणि एखादा विद्यार्थी थेट कॅमेऱ्याकडे पाहून एखाद्या घटनेची माहिती देतो: शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल, १९७१चा अ‍ॅटिका तुरुंगातील उठाव, १९७३चा चिलीतील लष्करी उठाव. हे तुकडे काहींना उपदेशासारखे वाटतील, पण मला ते आवश्यक वाटतात, कारण जे शिकवताना डॅनचा आवाज स्थिर राहतो, ते मुलांपर्यंत पोहोचले आहे याचा दुसरा पुरावा चित्रपटात नाही.

शीर्षक कुस्तीतील एका पकडीचे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागून एक हात त्याच्या काखेखालून वर न्यायचा आणि पंजाने त्याची मान दाबून धरायची. पकड घट्ट असते, पण एकच हात अडकलेला असल्याने सुटायला वाव राहतो.

ड्रेच्या घरी वडील नाहीत, आई पाळ्यांवर पाळ्या करते आणि भाऊ तुरुंगात आहे. तो फ्रँक नावाच्या विक्रेत्यासाठी अमली पदार्थ विकत होता आणि पकडला गेल्यावर त्याने तोंड उघडले नाही. अँथनी मॅकीने साकारलेला हा फ्रँक खलनायकासारखा वागत नाही. तो हसतमुख आहे, ड्रेची विचारपूस करतो, पैसे देऊ करतो, आणि भावाचे ऋण फेडता फेडता तिला आपल्याच धंद्यात ओढू लागतो. डॅनला हे दिसते. तो फ्रँकच्या दारात जाऊन मुलीपासून दूर राहा असे बजावतो, पण आपण हे कोणत्या तोंडाने सांगतो आहोत हे त्याला वाक्य पुरे होण्याआधीच उमगलेले असते. फ्रँक त्याला आत बोलावून पेय देऊ करतो, आणि डॅन आत जातो. एका तळमळीच्या शिक्षकामुळे अख्खा वर्ग सुधारतो अशा चित्रपटांची आपल्याला इतकी सवय आहे की हा प्रसंग पाहताना अवघडायला होते.

त्यानंतरचा मोटेलमधील प्रसंग जवळजवळ निःशब्द आहे. फ्रँकचा माल पोहोचवायला ड्रे एका खोलीच्या दारात येते, आणि गर्दीतून पैसे घेऊन पुढे येणारे गिऱ्हाईक तिचा शिक्षक असतो. कोणीही कोणाला दोष देत नाही. पैसे आणि पुडी यांची अदलाबदल होते, आणि तेवढ्या क्षणात आतापर्यंत एकमेकांना वाचवू पाहणारी ही दोन माणसे एकाच व्यवहाराच्या दोन बाजूंना उभी राहतात. एप्सच्या चेहऱ्यावर इथे ना राग असतो ना आश्चर्य. ती फक्त पाहत राहते.

या भूमिकेसाठी गॉस्लिंगला ऑस्करचे नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र फॉरेस्ट व्हिटेकरला गेला. स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या स्पिरिट पुरस्कारांत गॉस्लिंग आणि एप्स दोघेही प्रमुख भूमिकांचे मानकरी ठरले, आणि ते योग्यच झाले, कारण यातील कोणत्याही एकाचा अभिनय दुसऱ्यावाचून उभा राहत नाही.

व्यसन सुटले की नाही हे चित्रपट सांगत नाही. वर्गात डॅनच्या जागी दुसरा शिक्षक आलेला असतो. ड्रे डॅनला शोधत जाते. शेवटी दोघे सोफ्यावर शेजारी बसतात आणि एक पोरकट विनोद सुरू होतो, पण नेमकी वेळ साधायची त्या जागीच डॅन चुकतो, आणि दोघांनाही हसू येते.