फोरहँड नेटमध्ये जातोय? ग्रिप सोडा, पाय दाखवा

नमस्कार टेनिसवाल्या मंडळी! "दादा, फोरहँड नेटमध्ये जातो, ग्रिप बदलू का?" हे इतक्या जणांनी विचारलंय की आज बोलणं भागच आहे. फोरहँड म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायचा फटका, ग्रिप म्हणजे रॅकेट धरायची पद्धत. ती नका बदलू. पाय बघू आधी.

बेसिक पटकन. पाय खांद्यांपेक्षा जरा रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. बॉल कुठे येतोय ते कळलं की आधी खांदे वळवायचे. झालं.

आता स्प्लिट स्टेप, ती छोटीशी उडी. मारतात सगळे, पण उशिरा! समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की उडायचं आणि त्याचा बॉल तारांना लागतो त्या सुमारास चवड्यांवर उतरायचं. बॉल नेटवर आल्यावर उडालात तर तुम्ही हवेत आणि बॉल कोपऱ्यात.

नाही कळलं? खो-खो आठवा. बसलेला गडी टाच टेकून आरामात बसतो का? "खो" कानावर पडला की सुटतो. समोरच्याचा फटका हाच तुमचा खो.

मी स्वतः दोन वर्षं चुकत होतो. गंगापूर रोडला, डिसेंबरच्या थंडीत, सकाळी साडेसहाला फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून स्लो-मोशन काढला. बॉल नेट ओलांडतोय आणि साहेब अजून वरच! बायको म्हणाली, "बस गेल्यावर हात दाखवल्यासारखं दिसतंय."

अजूनही जमत नसेल तर कोर्टाबाहेर बसा. दोघं खेळत असतील तर प्रत्येक फटक्याला टाळी द्या. टाळी आणि आवाज एकत्र पडायला लागले की टाळीच्या जागी उडी.

एकाने लिहिलंय, महागडे शूज घेऊनही फरक नाही. अरे बाबा, ते रनिंगचे आहेत! ते सरळ पळायला असतात. आडवं थांबताना घोटा मुरगळेल.

तोलाचं म्हणाल तर शेवटची लांब ढांग बंद करा. एकेरीचं कोर्ट ८.२३ मीटर रुंद. मधून निघालात तर कडेपर्यंत जेमतेम चार मीटर. पहिली दोन पावलं मोठी, मग बारीक बारीक. सराव करताना फटका मारून "एक, दोन" म्हणेपर्यंत तसेच थांबा. पुढे झुकलात? बॉलच्या फार जवळ गेला होतात किंवा उशिरा पोचलात.

तुमचे व्हिडिओ पाठवा, बघतो. फक्त पाय फ्रेममध्ये येऊ द्या. मागच्या वेळी बहुतेकांनी कमरेच्या वरचेच पाठवले होते.