योर्दान योवचेव आणि पाच शतांश

(दृश्य: रिकाम्या सभागृहात स्थिर लोंबकळणाऱ्या दोन रिंग्ज. मागे अंधार.)

जिम्नॅस्टिक्सच्या जुन्या पद्धतीत पंच गुण लिहायचा तो 0.05 च्या पायऱ्यांनी. 9.75, 9.80, 9.85. अधला-मधला आकडा त्याला लिहिता येत नसे. सादरीकरणाला गुण देणारे सहा पंच. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाद करायचे आणि उरलेल्या चौघांची सरासरी काढायची. आता या चौघांपैकी एकानेच हात 0.05 ने आखडता घेतला, तर सरासरी किती उतरते? 0.0125 ने. फलकावर दशांशचिन्हापुढे तीनच आकडे दाखवत, शेवटचा 5 सरळ छाटला जाई. त्या काळच्या निकालांत .812, .787, .862 असे आकडे सारखे दिसतात ते यामुळेच.

हे गणित हाताशी ठेवा. बल्गेरियाचा जिम्नॅस्ट योर्दान योवचेव याच्या कारकिर्दीत ते पुन्हा पुन्हा लागणार आहे.

(दृश्य: बल्गेरियाचा नकाशा, प्लोवदिव.)

योवचेवचा जन्म 24 फेब्रुवारी 1973 चा, प्लोवदिवचा. बल्गेरिया आणि जिम्नॅस्टिक्स म्हटलं की बहुतेकांना रिबन, हूप आणि चेंडू आठवतात. तो रिदमिक प्रकार झाला, आणि त्यात हा देश खरोखरच दादा आहे. आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र ऑलिंपिक सुवर्णं मोजकी. 1980 साली मॉस्कोत स्टोयान देल्चेवने आडव्या बारवर सुवर्ण जिंकलं. तोही प्लोवदिवचाच. त्याच्या नावाची कसरत आजही नियमपुस्तकात आहे: बारवरून पुढे झोका घेऊन सुटायचं, लगेच अर्धी गिरकी, मग पाय फाकवून पुढची कोलांटी आणि पुन्हा बार पकडायचा. गिरकी उशिरा लागली तर तो देल्चेव उरत नाही, गिंगर नावाच्या दुसऱ्या कसरतीसारखा दिसू लागतो, कारण गिंगरमध्ये कोलांटी मागे असते आणि अर्धी गिरकी तिच्या आत.

दुसरं सुवर्ण 1988 चं, सोलचं. पॉमेल हॉर्सवर, म्हणजे दोन मुठी बसवलेल्या घोड्यावर, 19 वर्षांचा ल्युबोमिर गेरास्कोव, हंगेरीचा जोल्ट बोर्काई आणि सोव्हिएत संघाचा दिमित्री बिलोझेरचेव. तिघांचेही गुण 19.950, आणि तिघांनाही सुवर्ण. तेव्हा बरोबरी झाली की ऑलिंपिकमध्ये पदक वाटून मिळे. हे पुढे बदललं.

(दृश्य: बार्सिलोना, 1992.)

योवचेव पहिल्या ऑलिंपिकला उतरला तेव्हा तोही 19 वर्षांचाच होता. त्या काळी प्रत्येक साधनावर दोनदा उतरावं लागे: एकदा सगळ्यांना सारखाच नेमून दिलेला कसरतींचा संच, एकदा स्वतः रचलेला. नेमलेला संच प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटे, पण खेळाडूचा पाया पंचांना तिथे स्पष्ट दिसे. चार वर्षांनी अटलांटात रिंग्जमध्ये इटलीच्या युरी केकीने सुवर्ण घेतलं, रुमानियाचा दान बुरिंका आणि हंगेरीचा सिल्वेस्टर चोलान्यी यांना मिळून रौप्य. दोन रौप्यं दिली की कांस्य उरत नाही. योवचेव चौथा.

(दृश्य: रिंग्जचं मापचित्र.)

आता रिंग्जकडे जरा निवांत बघू, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

चौकट जमिनीपासून 5.80 मीटर उंच. रिंग्जची उंची 2.80 मीटर, म्हणून प्रशिक्षक खेळाडूला उचलून रिंग्जपर्यंत पोचवतो. रिंगचा आतला व्यास 18 सेंटिमीटर, जाडी 28 मिलिमीटर, दोन रिंग्जमध्ये अंतर 50 सेंटिमीटर. हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड. तळहातावर चामड्याचा पट्टा, आणि बोटांपाशी त्यात बसवलेली बारीक दांडी. रिंगभोवती चामडं दुमडलं की दांडी अडसरासारखी बसते. झोक्यात हात सुटू नये म्हणून ही सोय. पण ताकदीच्या स्थितीत पट्ट्याचा उपयोग थोडाच. तिथे भार खांद्यावर येतो.

क्रॉस घ्या. शरीर सरळ उभं, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे. खेळाडूचं वजन 60 किलो धरलं तर प्रत्येक हातावर 30 किलो. खांद्यापासून हातापर्यंत 60 सेंटिमीटर धरा. पाठीचा रुंद स्नायू (लॅट) आणि छातीचे स्नायू हाताच्या हाडाला खांद्यापासून जेमतेम पाचेक सेंटिमीटरवर ओढतात. तरफेचा साधा हिशेब: 30 गुणिले 60 भागिले 5. म्हणजे एका खांद्याच्या स्नायूंना साधारण 360 किलोची ओढ लावावी लागते, आणि तीही दोन सेकंद न हलता. हात लांब असला की हा आकडा वाढतो. म्हणून रिंग्जचे पट्टीचे खेळाडू बहुधा बुटके आणि आखूड हातांचे.

माल्टीजमध्ये हेच शरीर जमिनीला समांतर आडवं होतं, रिंग्जच्या उंचीला, हात बाजूला तिरके. इथे भार खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या स्नायूबंधावर येतो. हा स्नायूबंध तुटतो तेव्हा बऱ्याचदा याच स्थितीत.

गुण कुठे जातात? आजच्या नियमांप्रमाणे ताकदीची स्थिती दोन सेकंद स्थिर हवी. कमी टिकली तर 0.3 गेले. थांबलाच नाही तर ती कसरत मोजलीही जात नाही. शरीर किंवा हात अपेक्षित रेषेपासून 15 अंशांपर्यंत चुकले तर 0.1, 30 पर्यंत 0.3, 45 पर्यंत 0.5, आणि त्यापुढे कसरत बाद. मनगट रिंगवर वाकवून आधार घेतला तरी वजावट, कारण तसं केलं की तरफ आखूड होते आणि काम सोपं होतं. पंचांची नजर हटकून मनगटावर जाते.

खरी मेख मात्र झोक्यातून स्थितीत येण्यात आहे. हात थोडे खाली गेले आणि खेळाडू मग वर सरकला, तर ती दुरुस्ती दिसते. उलट्या उभ्या स्थितीत केबल हलत राहिल्या तर त्याचेही गुण कापतात. आणि एक केबल हलली की पुढच्या स्थितीला ती स्थिर करण्यात अर्धा सेकंद जातो. तो अर्धा सेकंद दोन सेकंदांच्या हिशेबात धरला जात नाही. शेवटी खाली उतरताना एक छोटं पाऊल हललं तर 0.1.

स्नायू लवकर वाढतो, स्नायूबंध सावकाश. म्हणून रिंग्जवर तिशीतले खेळाडू दिसतात आणि फ्लोअरवर ते फारसे दिसत नाहीत. फ्लोअरला पाय लागतात: 12 मीटर बाय 12 मीटरच्या चौकोनात कर्णावरून पळायचं, उसळायचं आणि घोट्यांवर उतरायचं. रिंग्ज आणि फ्लोअर या दोन्हींत जगज्जेता होणारा माणूस विरळाच. योवचेवबद्दल पदकांपेक्षा हीच गोष्ट जास्त सांगायला हवी, पण बातम्यांत ती मागे पडते.

(दृश्य: सिडनी, 2000. गुणफलक.)

सिडनीत त्याला दोन्हींत कांस्य मिळालं. रिंग्जमध्ये चोलान्यी 9.850, ग्रीसचा दिमोस्थेनिस ताम्पाकोस 9.762, योवचेव 9.737. इथे सुवर्ण लांबच होतं. फ्लोअरवर मात्र लातवियाचा इगोर्स विखरोव्स 9.812, रशियाचा अलेक्सेई नेमोव 9.800, योवचेव 9.787. प्रत्येकात फक्त एका पंचाची एक पायरी, म्हणजे सरासरीत 0.0125. तीन पदकांमध्ये मिळून दोन पंचांचे पाच-पाच शतांश.

पुढच्याच वर्षी गेंटच्या जागतिक स्पर्धेत तो रिंग्जचा जगज्जेता झाला, फ्लोअरचं सुवर्ण रुमानियाच्या मारियन द्रागुलेस्कूबरोबर वाटून घेतलं, आणि सहाही साधनांच्या एकत्रित स्पर्धेत कांस्य मिळवलं. 2003 साली अॅनाहाइममध्ये पुन्हा दोन सुवर्णं, आणि दोन्ही वाटून: फ्लोअरचं अमेरिकेच्या पॉल हॅमबरोबर, रिंग्जचं ताम्पाकोसबरोबर. योवचेव आणि ताम्पाकोस एकाच पायरीवर उभे राहिले. ऑलिंपिक वर्षावर होतं, आणि ते अथेन्सला, ताम्पाकोसच्या देशात.

(दृश्य: अथेन्स, 22 ऑगस्ट 2004.)

एकाच दिवशी दोन्ही अंतिम फेऱ्या. आधी फ्लोअर. कॅनडाचा काइल श्यूफेल्ट 9.787, द्रागुलेस्कूही 9.787. जागतिक स्पर्धेत अशी बरोबरी तशीच ठेवली जाई, पण ऑलिंपिकमध्ये आता बरोबरी फोडण्याचा नियम होता. सुवर्ण श्यूफेल्टला, रौप्य द्रागुलेस्कूला. योवचेवला 9.775 गुण, एक पायरी खाली, कांस्य.

मग रिंग्ज. ताम्पाकोस 9.862. योवचेव 9.850. केकी 9.812.

फरक 0.0125. चार पंचांपैकी एकाने एकदाच 0.05 जास्त दिले असते तर बरोबरी. केकी तेव्हा 34 वर्षांचा होता. 1992 मध्ये टाचेचा स्नायूबंध तुटल्याने बार्सिलोना हुकलं होतं, 2000 मध्ये दंडाचा तुटला आणि सिडनी गेलं. कांस्यपदक विजेता म्हणून त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की सुवर्ण योवचेवचं होतं. बल्गेरियाने तक्रार केली, ती फेटाळली गेली. सभागृह ग्रीक प्रेक्षकांनी भरलेलं होतं हे खरं. पण आवाजाचा पंचांवर परिणाम झाला असं ठामपणे म्हणायचं तर गुणपत्रिकेत तसा पुरावा सापडत नाही. सापडते ती एक पायरी. एवढ्या बारीक मापाने सुवर्ण ठरवू नये, असं मात्र नक्की म्हणता येतं. एका पंचाच्या नजरेचा नेहमीचा गोंधळच त्याहून मोठा असतो.

सिडनीचा फ्लोअर, अथेन्सचा फ्लोअर, अथेन्सच्या रिंग्ज. या तीन फेऱ्यांमध्ये सुवर्ण त्याच्यापासून किती दूर होतं? 0.025, 0.0125 आणि 0.0125. एकूण पाच शतांश.

(दृश्य: जुना 10.0 चा फलक, मग नवा दोन रकान्यांचा.)

त्याच ऑलिंपिकमध्ये आडव्या बारच्या फेरीत नेमोवचे गुण प्रेक्षकांच्या आरडाओरड्यानंतर 9.725 वरून 9.762 केले गेले, आणि एकत्रित स्पर्धेत कोरियाच्या यांग ते-यंगच्या संचाचं मूल्य 0.1 ने कमी धरलं गेलं. 10 गुणांची मर्यादा टिकणं अवघड झालं. 2006 पासून काठिण्य आणि सादरीकरण वेगळं मोजायला सुरुवात झाली. काठिण्याला वरची मर्यादा नाही. सादरीकरण 10 पासून खाली येतं. आता छोट्या चुकीला 0.1, मोठीला 0.3, त्याहून मोठीला 0.5, आणि पडला की पूर्ण 1.0.

योवचेवची ताकद स्वच्छ सादरीकरणात होती. नव्या पद्धतीत कठीण स्थिती वाढवाव्या लागल्या, आणि चीनचे खेळाडू त्यात पुढे गेले. तरी 2009 साली लंडनच्या जागतिक स्पर्धेत, 36 व्या वर्षी, त्याने रिंग्जचं रौप्य घेतलं. सुवर्ण चीनच्या यान मिंगयाँगचं.

(दृश्य: लंडन, 2012. रिंग्जची अंतिम फेरी.)

तीन वर्षांनी तेच शहर, ऑलिंपिक. योवचेव 39 वर्षांचा. सहा ऑलिंपिक खेळलेला पहिला पुरुष जिम्नॅस्ट. बार्सिलोनाला सुरुवात करून लंडनलाही उतरलेली आणखी एक जण होती, मूळची उझबेकिस्तानची, लंडनला जर्मनीकडून उतरलेली ओक्साना चुसोविटिना. ती त्यानंतरही खेळत राहिली.

बार्सिलोनातला नेमलेला संच केव्हाच गेला होता. व्हॉल्टचा जुना लांब घोडा 2001 पासून टेबलाने बदलला होता. गुणपद्धती दुसरीच झाली होती. रिंग्जची मापं मात्र तीच होती: 18 सेंटिमीटर, 28 मिलिमीटर, 50 सेंटिमीटर. ब्राझीलचा आर्थर झानेट्टी 15.900 गुणांनी पहिला, चीनचा चेन यिबिंग 15.800 वर दुसरा, इटलीचा मात्तेओ मोरांदी 15.733 वर तिसरा. योवचेव सातवा.

त्याच्या ऑलिंपिक खात्यावर एक रौप्य आणि तीन कांस्य.