बरं होणार हे ठरलेलं असेल, तर औषध किती द्यायचं?

नमस्कार, श्रोतेहो.

वृषणाच्या कर्करोगाबद्दल पुरुष जवळच्या मित्राशीही बोलत नाहीत, म्हणून आज आपण रेडिओवरच बोलू. हा आजार साधारण १५ ते ४० या वयातला. पूर्वी तो शरीरात पसरला की बहुतेक रुग्ण हाती लागत नसत. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमपासून केलेलं औषध आणखी दोन औषधांसोबत द्यायला सुरुवात केली आणि चित्रच पालटलं. आज सगळ्या टप्प्यांचे रुग्ण धरले, तरी १०० पैकी सुमारे ९५ जण बरे होतात.

मग आता संशोधन कशाचं? तर उपचार कमी करण्याचं.

पंचविशीत बरा झालेला मुलगा पुढे पन्नास वर्षं जगणार असतो, आणि सिस्प्लॅटिनचे परिणामही त्याच्यासोबत राहू शकतात. कानात सतत शिट्टी वाजते, उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, बोटं बधिर होतात. मूत्रपिंडांवर ताण पडतो तो वेगळाच. कित्येक वर्षांनंतर रक्त तपासलं, तरी त्यात प्लॅटिनमचा अंश सापडतो! ब्लिओमायसिन या जोडीच्या औषधाचा रोख फुप्फुसांवर. पोटावर रेडिएशन घेतलेल्या काहींना तर दोन-तीन दशकांनी दुसराच कर्करोग गाठतो.

सेमिनोमा या प्रकारात गाठ वृषणापुरतीच असेल, तर ऑपरेशननंतर दर पाचांपैकी चौघांना पुढे काहीच लागत नाही. तरीही पूर्वी सर्रास सगळ्यांना रेडिएशन दिलं जाई. आता बहुतेकांना नुसतं लक्ष ठेवून पाहतात. पण लक्ष ठेवायचं म्हणजे वारंवार सीटी स्कॅन, म्हणजे पुन्हा किरणं. ब्रिटनमधल्या ‘ट्रिस्ट’ चाचणीत ६६९ पुरुषांवर हेच तपासलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: सीटीऐवजी, ज्यात अशी किरणं नसतात तो एमआरआय केला तरी आजार वेळेत सापडण्यात तो मागे पडत नाही.

नॉन-सेमिनोमा या वृषणाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात, परत उद्भवण्याचा धोका जास्त असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर केमोथेरपीच्या दोन फेऱ्या द्यायची पद्धत होती. ‘१११’ नावाच्या चाचणीत एकच फेरी दिली. दोन वर्षांत आजार परतला तो दोन टक्क्यांहूनही कमी जणांत.

मला या चाचण्यांचं विशेष वाटतं. नवं औषध जास्त चांगलं आहे हे दाखवणं त्या मानाने सरळ. कमी औषधानेही भागतं हे दाखवायला मात्र शेकडो माणसं आणि अनेक वर्षं लागतात. शिवाय ‘तुम्हाला थोडं कमी देऊन पाहू’ असं कर्करोगाच्या रुग्णाला सांगायचं आणि त्याने हो म्हणायचं, याला दोन्ही बाजूंनी धीर हवा. नुसतं लक्ष ठेवायचं ठरलं, तर तपासणीची तारीखही चुकवून चालत नाही. बरं वाटणाऱ्या तरुणाला हे पाळायला लावणं सोपं नाही, कोणत्याही डॉक्टरांना विचारा.

सध्या सगळ्यांची नजर आहे ती एका रक्ततपासणीवर. या गाठी मायक्रोआरएनए-३७१ नावाचा बारीकसा रेणू रक्तात सोडतात. तो वाढला की आजार परतल्याची शंका घ्यायची, असा विचार आहे. तसं जमलं तर स्कॅन आणखी कमी होतील. अडचण एकच: टेराटोमा नावाची गाठ हा रेणू सोडत नाही. ती हुडकायला अजून तरी स्कॅनच लागतो.