जुन्या पीसीवर नेट रडतंय? आधी हे बघा, मग नवीन कॉम्प्युटरचं बोला

नमस्कार मंडळी, तर हा जो धुळकट डबा फोटोत दिसतोय ना, हा आमच्या मिरजेच्या मामांचा पीसी. २०१२ साली घेतलेला, आय थ्री २१०० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज टेन. मामांचं म्हणणं एकच, की "अरे फायबर घेतलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, महिन्याला पैसे भरतोय, आणि पासबुकची पीडीएफ उघडायला चहा होतो." आणि कंपनीवाल्याला फोन केला की तो म्हणतो आमच्याकडनं स्पीड बरोबर येतोय, तुमचा कॉम्प्युटर जुना झालाय, बदला.

आता गंमत अशी की कंपनीवाला खोटं बोलत नव्हता. आणि मामाही नाही.

पहिली गोष्ट मी काय केली, तर मोबाईल घेऊन राउटरजवळ उभा राहिलो आणि स्पीड टेस्ट लावली. ९६ आले. म्हणजे घरापर्यंत नेट व्यवस्थित पोचतंय. मग तीच टेस्ट मामांच्या पीसीवर, १४. आता हा जो ९६ आणि १४ मधला फरक आहे तो राउटर ते पीसी ह्या एवढ्याच रस्त्यात किंवा पीसीच्या आत कुठेतरी गायब होतोय, म्हणून तुम्हीपण काहीही सेटिंग बदलायच्या आधी हे करा, दोन मिनिटं लागतात आणि नंतरची सगळी डोकेफोड वाचते.

आणि एक, स्पीड टेस्ट दाखवते एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आणि डाउनलोडच्या खिडकीत दिसतं ते मेगाबाइट. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० चा प्लॅन असेल तर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास उतरणार, १०० ने नाही, कमेंटमध्ये दर आठवड्याला कोणीतरी ह्यावरनं भांडतं म्हणून सांगितलं.

बरं, रस्ता. मामांच्या पीसीला वायफायचं डोंगल होतं, म्हणजे यूएसबीत खोचायचं वायफाय पकडणारं यंत्र, ते नखाएवढं असतं बघा, आणि ते लावलेलं कुठे, तर कॅबिनेटच्या मागच्या बाजूला. कॅबिनेट टेबलाखाली, टेबलाच्या मागे लोखंडी कपाट, आणि राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे लपवलेला, कारण मामीला तो दिसायला आवडत नाही. म्हणजे सिग्नल टीव्हीतनं निघाला, भिंत ओलांडली, कपाटाला धडकला आणि मग पत्र्याच्या डब्याला वळसा घालून डोंगलपर्यंत गेला. जाईल का? मी फक्त एक यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणलं, १४ चे ३६ झाले. बाकी काही नाही केलं, खरंच.

ह्याच्या पुढे ते जाणार नव्हतं, कारण डोंगलवर लिहिलेलं असतं १५० एमबीपीएस, ते कागदावरचं. हे डोंगल वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा पकडतं, एक अँटेना, आणि आजूबाजूला दहा राउटर असले की २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर येऊन राउटरशी लिंकच होते ७२ एमबीपीएसची, त्यातले हातात पडतात निम्मे जवळपास. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी जो मोकळा असेल तो देऊन बघा, थोडा फरक पडतो. आणि यूएसबी ३ चं निळं पोर्ट असेल तर त्याच्या शेजारी डोंगल लावू नका, तिथे पेनड्राइव्ह वगैरे चालू असला की त्याचा त्रास नेमका २.४ च्या पट्ट्यालाच होतो.

पण माझं स्पष्ट मत सांगतो, जो पीसी जागचा हलत नाही त्याला वायफाय कशाला? राउटरपासून पीसीपर्यंत सरळ लॅन केबल टाका. मामांकडे माळ्यावर एक १५ मीटरची केबल पडलेलीच होती, कधीतरी केबलवाल्याने टाकून दिलेली. ती दाराच्या वरनं फिरवून आणली, लावली, टेस्ट केली, ९४. मामा खूश, मीपण खूश.

त्या केबलचं टोक जरा जवळनं बघा, हे असं. ह्या पारदर्शक कनेक्टरमध्ये आठ वायरी दिसायला पाहिजेत, इथे चारच आहेत, नारिंगीची जोडी आणि हिरव्याची जोडी, निळी आणि तपकिरी मागेच कापून टाकल्यात. चार वायरींवर १०० पर्यंत चालतं, त्यामुळे मामांचं काही अडत नाही, पण उद्या २०० चा प्लॅन घेतला तरी आकडा ९४ लाच अडकणार आणि परत कंपनीला शिव्या. कंट्रोल पॅनेलमध्ये नेटवर्कच्या स्टेटसमध्ये गेलात की तिथे स्पीड लिहिलेला असतो, १०० एमबीपीएस की १ जीबीपीएस ते बघून घ्या. आणि हो, ह्या कनेक्टरची क्लिप पण तुटलेली आहे, ते लक्षात ठेवा, पुढे येईल.

आता खरी मजा. टेस्ट ९४ दाखवतेय, मामांनी लगेच मी ऑनलाइन ड्राइव्हवर टाकलेले लग्नाचे फोटो डाउनलोडला लावले, २ जीबीची झिप, आणि उतरतेय किती ने? सेकंदाला दीड एमबी, म्हणजे मेगाबाइट. पाच मिनिटं बघितलं, दीडच्या वर जाईना. हिशोबाने अकरा-साडेअकरा यायला पाहिजेत. मामा माझ्याकडे असे बघतायत की, काय रे इंजिनियर.

मला वाटलं बॅकग्राउंडला काहीतरी खातंय, म्हणून कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक केलं, म्हणजे जो जास्त खातो तो वर येतो. होतं थोडंफार, एक क्लाउडवाला फोटो चढवत बसलेला, आणि विंडोज अपडेटचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू होतं, त्यात तुमचा पीसी दुसऱ्यांच्या पीसीला अपडेटचे तुकडे पुरवू शकतो, समाजसेवा. सेटिंगमध्ये अपडेट अँड सिक्युरिटीत जाऊन ते बंद केलं. पण फाइल तरीही दीडनेच.

मग स्टार्ट मेनूत दिसलं, "नेट बूस्टर". नाव मुद्दाम अर्धवट घेतोय, असली पन्नास आहेत. मामांनी कधीतरी, जाहिरात बघून टाकलेलं, "एका क्लिकमध्ये तिप्पट स्पीड". आणि ह्या दिवट्याने काय करून ठेवलं होतं, ते नीट ऐका कारण हे बऱ्याच जुन्या पीसीत सापडेल.

नेटवर फाइल येते ती सलग धार नसते. समोरचा सर्व्हर थोडा माल पाठवतो, तुमचा पीसी "पोचला" अशी पावती देतो, मग पुढचा माल. पावती न येता एका वेळी किती माल रस्त्यात असू शकतो त्याला म्हणतात विंडो. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात ही विंडो साधारण ६४ केबीच्या आतच असायची, तेव्हाच्या नेटला ती पुष्कळ होती. मग त्याच्या पुढच्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ऑटोट्युनिंग आणलं, म्हणजे रस्ता मोठा दिसला की विंडोज आपणहून विंडो वाढवतं. बूस्टरने हे ऑटोट्युनिंगच बंद करून टाकलेलं. का? कारण व्हिस्टा नवीन असताना काही जुन्या राउटरांशी त्याचं पटायचं नाही, तेव्हा लोक ते बंद करायचे, तो नुस्खा अजून फिरतोय.

आता हिशोब करा. ६४ केबी माल गेला आणि पावती यायला ४० मिलिसेकंद लागले. सेकंदात किती फेऱ्या होतील, २५. पंचवीस गुणिले ६४, म्हणजे १६०० केबी. दीड एमबीच्या आसपास! मंडईत टेम्पो एकच आणि तो रिकामा होऊन परत आल्याशिवाय पुढची भाजी निघत नाही, मग हायवे सहापदरी करा नाहीतर बारापदरी, मंडईत भाजी तेवढीच येणार. आणि स्पीड टेस्ट फसली कशी, तर ती जवळच्या सर्व्हरशी आठ-दहा कनेक्शन एकदम उघडते, म्हणजे दहा टेम्पो, आणि तेही शेजारच्या गल्लीतनं.

बघायचं कसं ते स्क्रीनवर दाखवतो. कमांड प्रॉम्प्ट राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, कमांड खाली डिस्क्रिप्शनमध्ये टाकलीये ती जशीच्या तशी पेस्ट करायची, आणि ऑटोट्युनिंग लेव्हलच्या पुढे नॉर्मल लिहिलंय का बघायचं. मामांकडे डिसेबल्ड होतं. दुसरी कमांड मारून नॉर्मल केलं, बूस्टर अनइन्स्टॉल, रिस्टार्ट. तीच झिप परत लावली, ११ एमबी. तीन-सव्वातीन मिनिटांत दोन जीबी. मामा काहीच बोलले नाहीत, फक्त मामीला हाक मारली.

असाच अजून एक नुस्खा, की विंडोज तुमचं २० टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवतं, ते ग्रुप पॉलिसी नावाच्या विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन शून्य करा. नका करू. ते राखणं फक्त तेव्हाच होतं जेव्हा एखादं सॉफ्टवेअर तशी खास मागणी करतं, बाकी वेळ शंभर टक्के तुमचंच असतं. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरनं तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाका म्हणतात, टाका, साइट उघडायची सुरुवात कदाचित चुटकीसरशी होईल, पण डाउनलोडचा आकडा त्याने इंचभरही हलत नाही.

अजून एक भानगड राहिली. यूट्यूब अडकत होतं. नेट एवढं धावतंय तरी व्हिडिओ झटके खातोय. तर व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा, त्यात ड्रॉप्ड फ्रेम्स, म्हणजे न दाखवता गाळलेली चित्रं, वाढतायत आणि बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, मात्र भरलेला आहे, म्हणजे माल घरात आलाय, पण उचलून मांडायला माणूस नाही. यूट्यूब हल्ली व्हीपी९ किंवा एव्ही१ ह्या नव्या पद्धतींनी दाबून व्हिडिओ पाठवतं, २०११-१२ च्या ग्राफिक्सला ते उलगडायचं हार्डवेअरच नाही, सगळा भार प्रोसेसरवर, शंभर टक्के. एच२६४ ह्या जुन्या पद्धतीचीच मागणी करणारं ब्राउझरचं छोटं एक्स्टेंशन मिळतं ते टाकलं, क्वालिटी ७२० वर ठेवली, मॉनिटरच १३६६ बाय ७६८ चा आहे, त्यावर १०८० लावून कोणाला दाखवायचंय. झटके बंद.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा कॉलम सतत शंभर टक्के दाखवत असेल तर मात्र नेटला दोष देऊ नका, तिथे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साधी एसएसडी टाका, दुसरा इलाज नाही. विंडोज सेव्हनवर असाल तर क्रोम १०९ वरच थांबलंय, बऱ्याच साइट त्यामुळे नीट उघडत नाहीत. विंडोज टेनचा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि हा असला प्रोसेसर विंडोज इलेव्हनच्या यादीत नाही, त्यामुळे मामांच्या डब्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं माझ्या डोक्यात आहे, तो व्हिडिओ वेगळा. आणि पीसी चालू केल्यावर तारीख कुठलीतरी जुनीच येत असेल आणि प्रत्येक साइट "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणत असेल, तर मदरबोर्डवरचा, पीसीचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल बदला, नाण्याएवढा असतो, नेटचा काही संबंध नाही.

मी पुण्याला परत आलो, चौथ्या दिवशी मामांचा फोन. "नेट बंद पडलं रे तुझं." तुझं! म्हटलं मामा, केबल बघा. तर मामीने केर काढताना खुर्ची सरकवली, आणि ती तुटक्या क्लिपची केबल निघून खाली पडलेली. खोचली, चालू. नवीन कनेक्टर क्रिंप करायला, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायला, ह्या रविवारी जातोय, आठही वायरी लावून.