तारखेआधीची तालीम

[दृश्य : फार्मसी विभागाचा व्हरांडा. सूचनाफलकावरच्या तारखांवरून एक बोट खाली सरकतं.]

सप्टेंबर जवळ आला की विद्यापीठाच्या फार्मसी विभागातला हा फलक भरायला लागतो. १७ सप्टेंबर, जागतिक रुग्णसुरक्षा दिन. २५ सप्टेंबर, जागतिक फार्मासिस्ट दिन. पुढे १८ ते २४ नोव्हेंबर, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयीचा जागतिक जागृती सप्ताह. या तारखांच्या आगेमागे प्रात्यक्षिक परीक्षा, नव्या तुकडीला पांढरे कोट देण्याचा समारंभ, आणि विभाग सगळ्यांसाठी खुला ठेवण्याचा दिवस.

२५ सप्टेंबरला इतिहास आहे. १९१२ साली याच तारखेला हेग शहरात आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघ स्थापन झाला. २००९ मध्ये इस्तंबूलच्या अधिवेशनात महासंघाने हा दिवस फार्मासिस्टांच्या नावे केला.

कार्यक्रम एका दिवसाचा असतो. त्याची तालीम मात्र कित्येक आठवडे आधी सुरू होते, आणि फार्मसीचं शिक्षण प्रत्यक्ष पाहायचं तर ते या तालमीत. औषध कारखान्यातून नीट निघतं, डॉक्टरांनी लिहून दिलेलंही बरोबर असतं, तरी चूक होते. ती बहुतेक वेळा हातात होते. बाटली भरणाऱ्या, चमचा धरणाऱ्या, इनहेलर दाबणाऱ्या हातात. इथे शिकवला जातो तो हात.

[दृश्य : टेबलावर पांढऱ्या पावडरीची काचेची बाटली. कॅमेरा अगदी जवळ.]

नोव्हेंबरच्या सप्ताहासाठी पोस्टर होतील, पण विद्यार्थ्यांनी टेबलावर मांडली आहे ती ड्राय सिरपची बाटली. लहान मुलांची बरीच प्रतिजैविकं अशी पावडरीच्या रूपात येतात. पाण्यात ती फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पाणी देतेवेळी घालायचं. काम दोन मिनिटांचं, पण त्यात चुकायला जागा भरपूर.

आधी बाटली आडवी-उभी करून तळावर टिचक्या मारायच्या. काचेला धरून बसलेली पावडर सुटी झाली पाहिजे. मग उकळून गार केलेलं पाणी घ्यायचं आणि निम्म्याच्या आसपास ओतायचं. झाकण लावून जोरात हलवायचं. सगळी पावडर भिजली, की फेस खाली बसेपर्यंत थांबायचं. मग बाटली सपाट जागेवर ठेवून, डोळे खुणेच्या पातळीत आणून उरलेलं पाणी खुणेपर्यंत. आणि पुन्हा एकदा हलवायचं.

एकदम खुणेपर्यंत पाणी ओतलं तर काय होतं, ते याच टेबलावर मुद्दाम करून दाखवतात. बाटली वरून छान दुधाळ दिसते. उलटी करून उजेडात धरली, की तळाच्या कोपऱ्यात एक गठ्ठा दिसतो, बाहेरून ओला आणि आत कोरडा. म्हणजे पहिले काही दिवस मुलाच्या पोटात पातळ डोस गेले आणि शेवटचे दाट. सुरुवातीचे दिवस जंतूंना कमी मात्रा मिळणं, नेमकं तेच टाळायला हवं होतं. फेसाने उलटा घोळ होतो. फेस खुणेला टेकला म्हणून हात थांबवला, तर पाणी कमी पडलेलं असतं आणि प्रत्येक चमचा ठरल्यापेक्षा तीव्र होतो.

बाटलीवर पाणी घातल्याची तारीख लिहायची, न चुकता. अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असेल, तर त्याचं पाण्यात लवकर विघटन होतं. फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा आठवडा-दहा दिवसांत ती बाटली टाकावी लागते. म्हणून सगळीच प्रतिजैविकं फ्रिजमध्ये, असंही नाही. क्लॅरिथ्रोमायसिनचं सिरप थंडीत घट्ट होतं आणि ओतता येईनासं होतं. लेबल वाचल्याशिवाय या बाबतीत कुणीही तोंडी सल्ला देऊ नये, हा इथला दंडक आहे आणि तो योग्यच आहे.

शेजारच्या ट्रेमध्ये घरातले वेगवेगळे चमचे आहेत. विद्यार्थी प्रत्येक चमचा काठोकाठ भरतात आणि मोजनळीत रिकामा करतात. औषधाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. घरातला एखादा चमचा त्याच्या निम्मं धरतो, एखादा ७ पर्यंत जातो. चमच्याऐवजी तोंडाने द्यायची सिरिंज का, हे सांगायला यापुढे भाषण लागत नाही.

लगेच फळ्यावर एक हिशोब. मूल १२ किलोचं. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १५ धरले तर १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल, तर साडेसात मिलिलिटर. ५ मिलिलिटरमध्ये २५० असलेलं असेल, तर ३.६ मिलिलिटर. मागच्या तापात साडेसात दिलं होतं म्हणून या वेळी दुसऱ्या बाटलीतून साडेसातच दिलं, की पोटात ३७५ मिलिग्रॅम गेले, दुपटीहून जास्त. म्हणूनच ‘किती एमएल देऊ’ या प्रश्नाला विद्यार्थ्याचा पहिला प्रतिप्रश्न ठरलेला आहे : बाटलीवर काय लिहिलंय, आणि मुलाचं वजन किती?

[दृश्य : छोटी खोली. दोन खुर्च्या, मध्ये टेबल. टेबलावर औषधांनी भरलेली पिशवी.]

फार्मासिस्ट दिनाला लोक घरातली सगळी औषधं पिशवीत घालून घेऊन येतील. सगळी म्हणजे खरंच सगळी. मलम, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, व्हिटॅमिनच्या गोळ्या, काढे, आणि शेजाऱ्यांनी दिलेली अर्धी पट्टीसुद्धा. विद्यार्थी ती ट्रेमध्ये मांडतात आणि एकेक उचलून विचारतात. प्रश्नाचे शब्द इथे फार महत्त्वाचे असतात. ‘ही गोळी वेळेवर घेता ना?’ असं विचारलं की ‘हो’ येतं आणि विषय संपतो. ‘ही गोळी तुम्ही कशी घेता?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. रात्रीची गोळी सकाळी घेतो, चक्कर येते म्हणून अर्धी करतो, संपली तेव्हापासून बंद आहे. हवी ती माहिती या बोलण्यातच सापडते.

पिशवीत काय शोधायचं? सगळ्यात आधी एकच औषध दोन नावांनी. पट्टीवरचं मोठ्या अक्षरांतलं नाव वेगळं, खाली बारीक अक्षरांत तेच पॅरासिटामॉल, आणि सर्दीच्या गोळीत पुन्हा तेच. मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे ४ ग्रॅम आहे. तीन वेगळ्या नावांच्या पट्ट्या असल्या तर ती नकळत ओलांडली जाते आणि भार यकृतावर पडतो. मग मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी बनण्याचं काम कोलमडतं, जीव जाऊ शकतो. पिशवीत ही पट्टी दिसली की विद्यार्थ्याने ‘कोणत्या वारी घेता?’ हे विचारलंच पाहिजे. डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडून बहुधा चार आठवडे झाले की फेकायची, छापील मुदत शिल्लक असली तरी. छापील मुदत असते न उघडलेल्या बाटलीची.

एक मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून ठसवली जाते. काही खटकलं, तरी तिथल्या तिथे ‘हे बंद करा’ म्हणायचं नाही. कागदावर नीट लिहून द्यायचं, डॉक्टरांशी बोलायचं. रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या काही गोळ्या एकाएकी थांबवल्या, तर मूळ दुखण्यापेक्षा मोठं संकट उभं राहतं.

आणि शेवटी बोलणं उलटं करायचं. ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही. ‘घरी गेल्यावर हे कसं घ्याल, मला एकदा सांगाल? मी नीट समजावलं की नाही, ते मला कळेल.’ या वाक्यात परीक्षा रुग्णाची राहत नाही, सांगणाऱ्याची होते. विद्यार्थ्यांना हे वाक्य सहज म्हणता येईपर्यंत तालीम चालते, आणि सहज यायला वेळ लागतो.

इनहेलरचं टेबल सगळ्यात गजबजलेलं. दाबायचा इनहेलर आधी हलवायचा. श्वास पूर्ण सोडायचा. ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास घ्यायला सुरुवात केली, की लगेच दाबायचं आणि श्वास तसाच तीन ते पाच सेकंद आत ओढत राहायचा. मग जमेल तितका, १० सेकंदांपर्यंत, रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने. लोक आधी दाबतात आणि मग श्वास घेतात. फवारा घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतो, छातीत थोडाच पोचतो. दाबणं आणि ओढणं जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे इनहेलरला जोडायची पोकळ नळी, लावायचा. तो साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवर वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसल्याने प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतीला चिकटतं. पावडरीच्या इनहेलरला याच्या बरोबर उलट लागतं. श्वास जोरात आणि खोल घ्यायचा, आणि इनहेलरमध्ये फुंकर अजिबात मारायची नाही, नाहीतर ओलाव्याने पावडरीच्या गुठळ्या होतात. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

[दृश्य : टॅबलेट मशीनचा ठेका. पंच वर-खाली. गोळ्या ट्रेमध्ये पडतात.]

खुल्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी या यंत्रापुढे होईल. पाहुण्यांसमोर बनणाऱ्या गोळ्यांमध्ये औषध नसतं. लॅक्टोज, मक्याचा स्टार्च आणि बांधणीला स्टार्चचीच खळ. पण कृती खऱ्या गोळीची. खळ घालत घालत पावडर मळायची. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने दाबला की भुगा न होता सरळ फुटावा. तिथे थांबायचं. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, तळहाताला कळावा लागतो. खळ जास्त झाली तर दाणे दगडासारखे होतात आणि गोळी पोटात वेळेवर फुटत नाही. मग चाळणीतून दाणे पाडायचे, वाळवायचे, पुन्हा बारीक चाळणीतून काढायचे.

दाणे यंत्राला चिकटू नयेत म्हणून घालायची पूड, मॅग्नेशियम स्टिअरेट, सगळ्यात शेवटी. एक टक्क्याच्या आतबाहेर आणि चारपाच मिनिटांपुरतं. चांगलं मिसळावं म्हणून कुणी ते अर्धा तास फिरवलं, तर प्रत्येक दाण्यावर त्याचा मेणचट थर चढतो. दाणे एकमेकांना धरत नाहीत, गोळी मऊ पडते, आणि पाणी आत शिरायला वेळ घेतं.

यंत्र सुरू झाल्यावर कान आणि डोळे दोन्ही तिकडे लागतात. गोळीची वरची चकती टोपीसारखी उडाली तर तिला कॅपिंग म्हणतात. आत हवा अडकली, दाणे फार वाळले, भुकटी जास्त झाली किंवा वेग जास्त ठेवला, यांतलं काहीतरी झालेलं असतं. पहिला उपाय वेग कमी करणं. पंचाला, म्हणजे पावडर दाबणाऱ्या दांड्याला, गोळी चिकटत असेल तर दाणे ओले राहिलेत. गोळीवर अक्षरं कोरलेली असतील, तर आधी भरतात ती पोट असलेली अक्षरं.

मग चाचण्या. फ्रायबिलिटी म्हणजे गोळी किती झिजते ते. तिच्या ड्रममध्ये गोळ्या मिनिटाला २५ फेऱ्यांच्या वेगाने चार मिनिटं आपटतात, एकूण १०० फेऱ्या. आधी आणि नंतर वजन. घट एक टक्क्याच्या वर गेली तर ती गोळी वाहतुकीत टिकणार नाही. ड्रममधून काढल्यावर ब्रशने भुकटी झाडून मगच वजन करायचं. हे झाडणं विसरल्याने नापास व्हायला हवी ती गोळी पास होते.

[दृश्य : काचेपलीकडे लॅमिनार फ्लो, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोतातलं टेबल. हातमोजे घातलेले हात संथपणे हलतात.]

या खोलीत मात्र पाहुण्यांना काचेबाहेरच थांबावं लागेल. इथे शिरेतून द्यायच्या औषधांची तालीम चालते. चाळणीतून आलेली स्वच्छ हवा आधी सुईवर आणि बाटलीच्या रबरावर पोचली पाहिजे, मध्ये हात येता कामा नये. काम कडेपासून निदान १५ सेंटिमीटर आत. रबर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि वाळू द्यायचं. शुद्ध अल्कोहोल पटकन उडून जातं. त्यातलं पाणी जंतूंची प्रथिनं मोडायला मदत करतं, म्हणून ७० टक्केच. सुई तिरकी टेकवून मग उभी करत आत घालायची, नाहीतर रबराचा तुकडा कापला जाऊन औषधात पडतो.

हात किती स्वच्छ चालला, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून औषधाऐवजी जंतूंचं आवडतं खाद्य असलेला द्रव वापरून सगळी कृती करून घेतात. बाटल्या ७ दिवस २० ते २५ अंशांवर आणि ७ दिवस ३० ते ३५ अंशांवर ठेवतात. चौदा दिवसांनंतर द्रव नितळ असला तर विद्यार्थी उत्तीर्ण. गढूळ झाला तर पुन्हा पहिल्यापासून. फलकावर परीक्षेची तारीख लागली की या खोलीत तिथून १४ दिवस मागे मोजतात, आणि फेरसंधी द्यायची असेल तर आणखी १४.

ती परीक्षा म्हणजे ऑस्की, ठरलेली कामं प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत मांडली, पुढे फार्मसीनेही ती स्वीकारली. ओळीने टेबलं, प्रत्येकावर वेगळं काम आणि मोजकी मिनिटं. एका टेबलावर प्रिस्क्रिप्शन ठेवलेलं असतं, त्यात मात्रा ‘.५’ अशी लिहिलेली. बिंदू पुसट असेल तर ते ५ वाचलं जातं, दसपट. विद्यार्थ्याने थांबून लिहिणाऱ्याला विचारलं पाहिजे, आणि स्वतः नोंदवताना ०.५ लिहिलं पाहिजे.

[दृश्य : रिकामी मार्गिका. टेबलांवर क्रमांक. उबवणपेटीचं दार उघडतं.]

चौदावा दिवस. बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या जातात, मागे काळा कागद. पहिली नितळ. दुसरी नितळ. तिसरी किंचित हलवून पुन्हा पाहतात. तळाशी धूसर धागा आहे. बाटलीवरचा क्रमांक वहीत उतरतो, आणि त्या क्रमांकापुढे पेन्सिलीने १४ दिवसांनंतरची तारीख.