आठ सेकंद

नमस्कार श्रोतेहो. आज आठ सेकंदांची गोष्ट सांगणार आहे. चहा उतू जातोय म्हणून ओट्यापाशी धावेपर्यंत संपतात, तेवढीच.

साल 1989. टूर द फ्रान्स, फ्रान्समधली सायकलची मोठी शर्यत. तीन आठवडे, 3,285 किलोमीटर, वाटेत पिरेनीज आणि आल्प्सचे घाट. एवढं सगळं झाल्यावर 23 जुलैच्या सकाळी फ्रान्सचा लोराँ फिन्योँ एकूण वेळेत पहिला होता आणि अमेरिकेचा ग्रेग लेमाँड त्याच्या मागे, 50 सेकंदांनी. एरवी टूरचा शेवटचा दिवस म्हणजे पॅरिसमध्ये मिरवत शिरायचं. त्या वर्षी मात्र टाइम ट्रायल ठेवलेली. व्हर्सायपासून पॅरिसच्या शाँझेलिझेपर्यंत साडेचोवीस किलोमीटर. आपलं दादर ते ठाणे म्हणा ना!

टाइम ट्रायलमध्ये घोळका नसतो. एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, पहिल्या नंबरचा सर्वांत शेवटी निघतो. पुढच्याच्या आडोशाला राहून दम वाचवायची सोय नाही. समोर रस्ता, अंगावर वारा.

आता हिशेब बघा. त्याच टूरमध्ये आधी 73 किलोमीटरची टाइम ट्रायल झाली होती. तीत लेमाँडने फिन्योँला 56 सेकंदांनी मागे टाकलं होतं. आता जवळजवळ तेवढाच फरक त्याच्या एक तृतीयांश अंतरात काढायचा? फिन्योँ निर्धास्त असेल तर त्याचं काय चुकलं?

आणि लेमाँड तरी कोण, तर दोन वर्षांपूर्वी शिकारीत मेव्हण्याच्या बंदुकीचे छर्रे चुकून लागून मरता मरता वाचलेला माणूस. त्यातले तीसेक छर्रे अजून अंगातच होते.

लेमाँडच्या हँडलला पुढे दोन दांडे जोडलेले होते. कोपरं जवळ टेकवायची, हात पुढे, पाठ सपाट. डोक्यावर मागे निमुळतं होत गेलेलं हेल्मेट. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतो. ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे तर सगळी झुंज त्याच्याशीच. फिन्योँचं हँडल नेहमीचं, डोकं उघडं, मागे केसांची शेंडी वाऱ्यावर उडतेय. शिवाय बसायच्या जागी गळू झालेलं. सायकल चालवणाऱ्याला विचारा, याहून वाईट दुखणं नसतं.

लेमाँडने आपल्या माणसांना बजावलं होतं, वाटेत मला वेळ सांगू नका. मान खाली घालून तो सुटला, तो 26 मिनिटं 57 सेकंदांत पोचला. सरासरी ताशी साडेचोपन्न किलोमीटर. मग शेवटच्या रेषेपाशी घामाघूम उभा राहून घड्याळाकडे बघत बसला, कारण फिन्योँ यायचा होता. 27 मिनिटं 47 सेकंदांच्या आत आला तर टूर त्याची.

सगळे म्हणतात ते दांडे जिंकले. मला हे पूर्ण पटत नाही. ते दांडे आधीच्या टाइम ट्रायलमध्येही होते, सगळ्यांनी पाहिले होते. आणि गंमत म्हणजे फिन्योँ त्या दिवशी खराब मुळीच चालवला नाही. गळू घेऊन त्या टप्प्यात तो तिसरा आला. ताशी साडेबावन्नच्या वर वेग!

शाँझेलिझेच्या त्या रुंद रस्त्यावर तो दिसू लागला, तेव्हा घड्याळ त्याच्यापुढे निघून गेलेलं होतं. 27 मिनिटं 55 सेकंद. रेषा ओलांडली आणि तो सायकलवरून उतरून रस्त्यावरच कोसळला, धापा टाकत. पलीकडे लेमाँड दोन्ही हात वर करून ओरडत होता.