बारा मिली दूध आणि स्लो लोकल

नमस्कार श्रोतेहो.

जुलै महिना, रुळांवर पाणी, आणि कुर्ला-सायनच्या मध्ये आमची स्लो लोकल थांबलेली. माझ्या मांडीवर एक छोटा आइसबॉक्स. शेजारच्या काकांनी दहा मिनिटं कळ काढली, मग विचारलंच, "काय, पापलेट का?"

"नाही हो, दूध आहे."

"एवढ्याशा डब्यात?"

"बारा मिली."

काका एकदम गप्प झाले. बारा मिली म्हणजे माझ्या लेकीची चार वेळची जेवणं होती. ती तिसाव्या आठवड्यात जन्माला आली, वजन 1,180 ग्रॅम. सदतीस आठवडे पुरे व्हायच्या आधी झालेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. ती दादरजवळच्या एका रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. सिझेरियनचे टाके घेऊन बायको मुलुंडला घरी आलेली. ती दुपारी जायची. पहाटेचं दूध मी न्यायचो.

पहिले तीन दिवस मी पेटीसमोर हात पाठीमागे बांधून उभा राहायचो, राणीच्या बागेत पिंजऱ्यासमोर उभं राहावं तसा. घरून फोन यायचे. एक आत्या म्हणाली, सातव्याचं जगतं, आठव्याचं नाही, म्हणजे आपलं बरंच झालं. हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, त्यामुळे आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा उजवंच. आत्याला हे अजून पटलेलं नाही.

चौथ्या दिवशी एक वयस्कर सिस्टर मागून म्हणाल्या, "पप्पा, नुसतं बघत काय उभे? हात धुवा आणि आत घाला."

घड्याळ, अंगठी, मनगटावरचा धागा सगळं काढून कोपरापर्यंत हात धुतले. साखरपुड्याची अंगठी साबण लावून ओढावी लागली. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत गेले तेव्हा मी कुरवाळायला निघालो, तर सिस्टरनी थांबवलं. इतक्या लहान बाळाच्या त्वचेला बोटांची हालचाल सोसत नाही. एक तळवा डोक्यावर टोपीसारखा, दुसरा पावलांना आधार देणारा, आणि दोन्ही हात स्थिर. पोटात चहूबाजूंनी भिंत लागते ना, तशी भिंत व्हायचं. मॉनिटरवर हृदयाचे ठोके 170 वरून हळूहळू 150 ला आले. त्या दिवसापासून मी भेटायला येणारा माणूस राहिलो नाही, कामावर येणारा झालो.

ज्यांचं बाळ आज अशा पेटीत आहे त्यांच्याशी मला बोलायचंय ते याच कामाबद्दल. औषधं, नळ्या, व्हेंटिलेटर हे डॉक्टर बघतात. दूध, अंग आणि आवाज ही तीन कामं आपली.

आधी दूध. पहिल्या दोन दिवसांत पंपाला जेमतेम थेंब आले आणि बायको रडली. पण तो चीक होता. तो सिस्टरनी बाळाच्या गालांना आतून लावला. आतड्यांचा एक गंभीर आजार अशा बाळांना गाठतो, आईच्या दुधावर असलेल्यांना तो कमी होतो. म्हणून दर तीन तासांनी पंप, रात्रीसुद्धा. मी गजर लावायचो, बाटल्या उकळायचो, वेळ लिहून चिठ्ठी चिकटवायचो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास जमतो, तोवर नळीने पाजतात. सिरिंजची नळी उभी धरायची, दट्ट्या दाबायचा नाही. तीन मिली दूध आपल्याआपण खाली उतरतं. ते उतरताना बघणं म्हणजे काय, ते उभं राहून बघितलेल्यालाच कळेल.

दूध कमी पडलं तर खचू नका. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी सुरू केली, आशियातली पहिली. इतर आयांनी दिलेलं दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून निर्धोक करतात. आपल्या रुग्णालयात विचारा.

मग अंग. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडायच्या, म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्यालाच कांगारू पद्धत म्हणतात. ती वडिलांनाही जमते. शर्टाची बटणं उघडी, बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, वरून कापड. एका बैठकीत किमान तासभर, जितकं जास्त तितकं चांगलं. फक्त त्या दिवशी सेंट मारू नका.

एकदा ती माझ्या छातीवर असताना अलार्म वाजला. ऑक्सिजनचा आकडा 93, 86, 79. माझे हात गार पडले. सिस्टरनी तळपायाला एक टिचकी मारली, लेकीने श्वास घेतला, आकडा वर गेला. ही बाळं श्वास घ्यायलाच विसरतात. त्यासाठी औषध देतात ते चक्क कॅफीन. आमची लेक जन्मापासून कटिंगवर!

आवाजाचं काय सांगू? मला गाता येत नाही. मी तिला मुलुंडपासूनची स्टेशनं क्रमाने म्हणून दाखवायचो. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग.

वजन आधी उतरलं, 1,070 वर गेलं. हे बहुतेक बाळांचं होतं, पण तेव्हा कोणी सांगूनही झोप लागली नाही. पाचवी राहिली, बारसं राहिलं. सहा आठवडे तिच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि बायकोचं नाव, एवढीच ओळख.

एक तपासणी मात्र कुणीही चुकवू नका, डोळ्यांच्या पडद्याची. पहिली तपासणी जन्मापासून तीस दिवसांच्या आत, फारच लहान बाळांची दोन-तीन आठवड्यांतच. घरी आल्यावर कोणी म्हणालं, "अजून पालथी पडत नाही?" तर जितके आठवडे लवकर आली तितके वयातून वजा करा. लशी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

तर त्या दिवशी गाडी पाऊण तासाने हलली. काका सायनला उतरताना बॉक्सवर हलकेच हात ठेवून गेले. दूध वेळेत पोचलं.

लेक आता सहा वर्षांची आहे. तो आइसबॉक्स अजून घरात आहे. रविवारी मी त्यातून खरंच पापलेट आणतो.